सुंदरी बाद

॥ श्री ॥

कुंभकोणम्,
रविवार, १२ मार्च १९९५

चि. सौ. वत्सला हीस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

आपल्या दोघांत वर्षाला दोनच पत्रे जातात, एक गणपतीला आणि एक संक्रांतीला. तेव्हा हे तिसरे पाकीट पाहून तू आधी ते उलटसुलट करून पाहिले असशील. घाबरू नकोस. घरी सर्व क्षेम आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखायचा तो दुखतोच आहे, आणि ती जिने चढायची ती चढतेच आहे. कावेरी आटली. सकाळी संध्येला जातो तेव्हा वाळूत हातभर खणावे लागते, मग ओंजळीपुरते पाणी लागते. तेवढे पुरते.

आपल्या बालसभेचे सुट्टीतले शिबिर दहा वर्षे बंद होते. शाळा सुटल्यावरचे संध्याकाळचे वर्ग तेवढे चालू ठेवले होते, श्लोक, चित्रे, मातीकाम. यंदा मी समितीपुढे गेलो आणि शिबिर पुन्हा सुरू करा म्हटले. तीन मेपासून चौदा मेपर्यंत, आमच्याच शाळेच्या आवारात, सकाळी सात ते बारा. सर्वांना आवडले. मग मी माझी अट सांगितली. ती कोणालाही आवडली नाही.

अट एवढीच की मुले सगळी यायची. जी शाळेत येतात ती, आणि जी घरात ठेवलेली आहेत तीही. समितीचे अध्यक्ष शंकरनारायण तुला आठवत नसतील, ते नंतरचे. माणूस वाईट नाही. ते म्हणाले,

"राव सार, उत्तम विचार आहे. पण त्या मुलांचे वेगळे ठेवू. शेवटच्या दिवशी बोलावू, बिस्किटे देऊ, एक फोटो काढू."

"बिस्किटे सगळ्यांनाच द्यायची आहेत."

"बरे, मग फोटो?"

"फोटोही सगळ्यांचाच."

"तुम्हाला कळत नाही सार. पळापळीत त्यांतले एखादे पडले म्हणजे?"

"पडेल. तुमचा नातू गेल्या आठवड्यात दोनदा पडला."

ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, करा, पण काही झाले तर नाव तुमचे. मी म्हटले, माझेच असू द्या.

गेला महिनाभर शाळा सुटल्यावर मी घरोघर हिंडतो आहे. आमच्या शाळेभोवतीच्या चार रस्त्यांत पाच मुले निघाली, ज्यांचे नाव कुठल्याच हजेरीपटात नाही. वत्सले, मी या रस्त्यांवरून पंचवीस वर्षे जातो आहे. त्यांतली एक आठ वर्षांची त्रिपुरसुंदरी. पोलिओने उजवा पाय गेलेला, गुडघ्याच्या वरपासून लोखंडी पट्ट्या आणि खाली लोखंडी तळाचा बूट. आई देवळापाशी फुले विकते. मी शिबिराचे सांगितले तर ती बाई हात जोडून म्हणाली, "सार, तिला काही शिकवू नका, नुसती बसवून घ्या. बसायला ती फार चांगली आहे." ती मुलगी उंबऱ्यावर बसून हार ओवत होती. तिने मान वर करून आईकडे पाहिले. बसायला चांगल्या मुलीचे ते पाहणे नव्हते.

आता मागणे. तुझी वेदवती रविवारी पुण्यात अशा मुलांना शिकवायला जाते असे विजयराघवांनी संक्रांतीच्या पत्रात लिहिले होते. तिची परीक्षा एप्रिलात संपते. तिला पंधरा दिवस इकडे पाठव. श्लोक मी घेईन. स्वामीमलैचे मूर्तिकार मूर्तीचा साचा करण्याआधी मेणाची मूर्ती घडवतात ना, ते त्यातले मेण द्यायला कबूल झाले आहेत, म्हणजे मुलांच्या हातांना काम झाले. पण खेळ कोणी घ्यायचे? पळणारी तीस मुले आणि न पळणारी पाच यांना एका मैदानात कसे खेळवायचे हे मला येत नाही. नुसते चांगले मन असून ते येत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. वेदवतीला येत असेल.

मदतीला नटराज मास्तर येणार आहेत. हे वाचून तुला राग येईल. त्याविषयी सवडीने लिहीन.

वहिनीने आवळकाठीची पूड बांधून ठेवली आहे, वेदवतीबरोबर पाठवीन म्हणते. विजयराघवांना नमस्कार.

तुझा,
अण्णा



॥ श्री ॥

कुंभकोणम्,
रामनवमी, ९ एप्रिल १९९५

चि. सौ. वत्सला हीस आशीर्वाद.

तुझे कार्ड मिळाले. चारच ओळी, आणि त्याही उघड्या कार्डावर. आमच्या टपालवाल्याला मराठी येत नाही हे बरे. तू लिहितेस, "ज्या माणसाने माझ्या मुलीला भर मैदानात पांगळी म्हटले त्याच्याबरोबर काम करायला तिला पाठवू? अण्णा, तुझे डोके ठिकाणावर आहे ना?"

सकाळी पूजा झाली, रामजन्म झाला, पानक वाटले. वहिनी शेजारी गेली आहे. मी मुद्दाम हीच वेळ धरली. गेल्या पत्रात "सवडीने लिहीन" असे लिहिले ना, ती सवड मी दहा वर्षे काढत होतो. अजूनही काढली असती. या ओळीच्या आधी मी तुला यंदाच्या लोणच्याविषयी पानभर लिहिले होते. ते पान फाडले.

वत्सले, नटराज मास्तर तसे म्हणाले नव्हते. मी म्हणालो होतो.

सगळे क्रमाने सांगतो. १९८५ च्या शिबिराचा तो दुसरा दिवस. मैदानात कल्लामण्णाचा खेळ चालला होता. तुला आठवेल, आपण साक्कोट्टैच्या शाळेत असताना खेळायचो. ज्याच्यावर राज्य आहे तो धावतो, मातीवर सापडेल त्याला शिवतो, दगडावर चढला तो वाचला. शिवलेला बाद. वेदवती नऊ वर्षांची. तिने माझ्याकडे येऊन विचारले, "मामा, मी खेळू?" पायात लोखंड, काखेत कुबडी. मला भरून आले. आता तिला नाही कसे म्हणायचे, आणि बाद झाली तर तिला किती वाईट वाटेल, असे दोन्ही मनात आले. मी टाळी वाजवून सगळ्या मुलांना थांबवले आणि मोठ्याने सांगितले, "वेदवतीही खेळणार. ती ओप्पुक्कु चप्पाणी."

हा शब्द इथे प्रत्येक मूल बोलते. लहानगा भाऊ नाहीतर बहीण मोठ्यांच्या खेळात घुसली की तिला तसे म्हणतात. ती नुसती बरोबर पळते, तिला कोणी बाद करत नाही, तिच्यावर राज्य येत नाही. तूही लहानपणी माझ्या खेळात ओप्पुक्कु चप्पाणी होतीस. मी तो शब्द हजारदा बोललो असेन, पण कधी ऐकला नव्हता. ओप्पुक्कु म्हणजे नावापुरता. चप्पाणी म्हणजे पांगळा. आपण घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी माणसे. बाहेरची भाषा तोंडात असते, कानापर्यंत पोहोचत नाही, असे काहीतरी झाले असेल. पण ही सबब आहे. मी शिक्षक होतो.

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मैदान गप्प झाले. मग मागून कोणीतरी खुदकन हसले. मग सगळी हसली. वेदवती हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले, आणि कुबडी टेकत खेळात गेली. पुढे तीन दिवस रोज गेली.

पाचव्या दिवसापर्यंत ते तिचे नाव झाले होते. चप्पाणी इकडे ये, चप्पाणी सरक. तू सहाव्या दिवशी तिचा हात धरून शाळेच्या आवारात आलीस आणि विचारलेस, "माझ्या मुलीला हे नाव कोणी दिले?" तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, खेळ ड्रिल मास्तर घेतात, त्यांनीच दिले असेल. मी चार हातांवर होतो. पाट्यांची चळत हातात होती. नटराजांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी पाट्या मोजू लागलो. मग ते तुझ्यासमोर येऊन म्हणाले, "चूक झाली अम्मा." तू त्यांना काय काय बोललीस ते तुला आठवत असेल. त्यांनी मान खाली घालून ऐकले. ते सगळे माझे होते.

दुसऱ्या दिवशी शिबिर बंद झाले. नटराजांना संध्याकाळच्या वर्गांनाही येऊ नका म्हणून सांगितले. सप्टेंबरात विजयराघवांनी बदली मागून घेतली. तू गेलीस ती आईच्या वर्षश्राद्धालाही आली नाहीस, आणि मी लोकांना सांगत राहिलो की पुणे फार लांब आहे.

नोकरीच्या भीतीने मी गप्प राहिलो असे समजू नकोस. मला कोणी काढले नसते. भीती तुझी होती. बाबा गेल्यापासून तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहायचीस, अण्णा चुकत नाही म्हणून, ती नजर मला सोडवेना. ती राखायला मी दुसऱ्या माणसाचे नाव खर्च केले. रोज संध्या करतो, सहस्रनाम म्हणतो, आणि शेवटी हे देवाला सांगतो. दहा वर्षे सांगतो आहे. देवाला ते ठाऊकच होते. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना सांगितले नाही.

या वर्षी शिबिराचा विचार आला तेव्हा मी आधी नटराजांकडे गेलो. ते आता तिरुप्पनंदाळजवळच्या एका खेडेगावात राहतात, तिथल्या शाळेत ड्रिल घेतात. अंगणात शिट्टी धूत बसले होते. मी उभ्यानेच सगळे बोललो. त्यांनी शिट्टीत फुंकर मारून पाणी काढले.

"सार, हे मला कशाला सांगता? मला ठाऊक आहे. मी तिथेच होतो."

"तुमची क्षमा मागायला आलो."

"ती दिली. बसा. पण सार, तुम्ही चुकीच्या घरी आलात. तुमच्या तंगच्चीला सांगितले का?"

तंगच्ची म्हणजे धाकटी बहीण, तू. मी बसलो.

"नाही ना? मग मी शिबिराला येईन, पण तुम्ही तिला लिहिल्यावर. दहा वर्षे शिव्या मी सांभाळल्या आहेत सार. आता ज्याच्या त्याला परत पाठवतो." आणि हसले. ते असे हसतील असे मला वाटले नव्हते.

तर त्या परत घे आणि मला दे. मी वाचीन.

शिबिर तीन तारखेला सुरू होणार. सात घरांनी नावे काढून घेतली, म्हणाले, आमच्या मुलांना दृष्ट लागेल. मी नऊ घरांना अजून जाणार आहे. शाळेने आवार नाकारले तर आमच्या ओटीवर आणि समोरच्या रस्त्यावर भरवीन. तुझे उत्तर काहीही आले तरी यात फरक पडणार नाही. मला फक्त एवढीच भीती आहे की चांगल्या मनाने मी पुन्हा तेच करीन. म्हणून वेदवती हवी आहे.

हे पत्र तिला वाचू दे. मी म्हणालो हे तिला ठाऊक आहे, ती माझ्यासमोर उभी होती. मग तिने तुला का सांगितले नाही, हे विचारायचे धाडस मला कधी झाले नाही.

अण्णा



॥ श्री ॥

कुंभकोणम्,
गुरुवार, ११ मे १९९५

चि. वेदवतीस मामाचे आशीर्वाद.

काल पाठवलेली तार पोहोचली असेल. तुझ्या आईला सांग, तारेने घाबरवल्याबद्दल मला बोलायचे ते बोल. इथेही गोंधळ झालाच. मी कागदावर इंग्रजीत "सुंदरी आउट" एवढेच लिहून दिले. तार घेणारा सुंदरेश माझाच विद्यार्थी. तो उठून उभा राहिला.

"राव सार, कधी? कशाने?"

"अकरा वाजून दहा मिनिटांनी. खेळताना."

"शिवशिवा. लहान होती?"

"अरे, आहे. खेळात बाद झाली."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "त्यासाठी तार?"

"त्यासाठीच."

"मग शुभेच्छांची ठरलेली वाक्ये आहेत सार, त्यांतले एखादे लावू का?"

मी नको म्हटले.

तुझे पत्र २९ एप्रिलला मिळाले. पाकिटावरचा पत्ता वत्सलेच्या अक्षरात होता. तिचे स्वतःचे पत्र नव्हते, पण तो पत्ता मी दोनदा वाचला. तू लिहिलेस, "मामा, तुम्ही म्हणालात हे मी आईला सांगितलं नाही, कारण मग सुट्टीत तुमच्याकडे राहायला पाठवलं नसतं. तरी पाठवलं नाहीच, ते वेगळं. शब्दाचं वाईट वाटलं, पण शब्दाची सवय होते. पुण्यात याला कच्चा लिंबू म्हणतात. तो मी चार वर्षं होते, सगळ्यांच्या खूप लाडाची. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटायचं. मी जीव खाऊन पळायचे, राज्य असलेला माझ्यापर्यंत यायचा, गोड हसायचा आणि वळून जायचा. मला कधीच कोणी शिवलं नाही. तुमच्या शिबिरातली ती मुलगी ज्या दिवशी बाद होईल, आणि तुम्ही तिला होऊ द्याल, त्या दिवशी मला कळवा. तोवर मला बोलावू नका."

मी ते पत्र नटराज मास्तरांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "ही मुलगी आपल्या दोघांहून चांगली मास्तर आहे."

मग तीन तारीख आली. एकतीस मुले आली. पाचांपैकी चार आली, पाचव्याला त्याच्या आजीने पाठवले नाही, तिच्याकडे मी अजून जातो आहे. सकाळचे श्लोक बरे होतात. मेणाच्या कामात चंद्रमौळी नावाचा आंधळा मुलगा सर्वांच्या पुढे आहे, त्याच्या हत्तीची सोंड पाहून दोन मुलांनी आपले हत्ती मोडून पुन्हा केले. हे सगळे चांगलेच झाले. पण तुला जे हवे होते ते होईना.

ओप्पुक्कु चप्पाणी हा शब्द मी पहिल्याच दिवशी बंद केला. शब्द गेला, खेळ तसाच राहिला. सुंदरी मातीवर पळे, बूट खडखडत, आणि राज्य असलेले मूल तिच्याजवळ येऊन हात मागे घेई. मी काही सांगितले नव्हते. कोणीच सांगितले नव्हते. मुले घरून शिकूनच आली होती. दोन दिवस सुंदरीला मजा वाटली. तिसऱ्या दिवशी ती पळायची थांबली, मैदानाच्या मध्यभागी मातीवर उभी राहिली. मुले तिच्या दोन्ही बाजूंनी पळत होती, खांबाच्या बाजूंनी पळावीत तशी. पाचव्या दिवशी ती पायरीवर जाऊन बसली. नुसती बसली. तिची आई म्हणाली होती तशी.

मी मुलांना उपदेश करायला उठलो होतो. नटराजांनी माझा हात धरला. "सार, बोलू नका. तुमच्या बोलण्याने काय होते ते आपण पाहिले आहे." हा टोमणा त्यांनी इतक्या प्रेमाने मारला की मला हसू आले.

काल, आठव्या दिवशी, मी धोतर खोचले आणि म्हटले, राज्य माझ्यावर. मुलांना आनंद झाला. एकोणपन्नास वर्षांचा मास्तर पळणार म्हणून गेटपाशी येणारेजाणारेही थांबले. सुंदरीला मी म्हटले, "येतेस का?" ती म्हणाली, "तुम्हाला दम लागेल सार." आणि आली.

मी चार मुलांना सोडले, पाचव्याला सोडले, आणि तिच्या मागे लागलो. ती पायरीच्या दगडाकडे निघाली होती. तिचा वेग कमी नाही, वेदा. मी तिच्या मागे हातभर पोहोचलो आणि माझा हात थांबला. त्या एवढ्याशा पाठीवर तो जाईना. मनात पहिला विचार तोच आला जो दहा वर्षांपूर्वी आला होता, की बाद झाली तर तिला किती वाईट वाटेल. मग मी तिला शिवले आणि ओरडलो, "बाद!"

मैदान तसेच गप्प झाले. मला ती शांतता ओळखीची होती. देवाचे नाव घ्यायलाही सुचले नाही.

सुंदरी वळली आणि माझ्यावर किंचाळली, "खोटे! माझा पाय दगडावर होता!"

मी पाहिले. तिच्या बुटाचा लोखंडी तळ पायरीच्या कडेला टेकला होता. दुसरा पाय मातीवर.

"तो पाय नाही, ते लोखंड आहे!" मागून एक मुलगा ओरडला.

"लोखंडाच्या आत कोण आहे? तुझा बाप?"

आणि मग जी भांडणे सुरू झाली ती तुला ऐकवायला हवी होती. लोखंड पायात धरायचे की नाही? धरायचे, तर कुबडी? कुबडी दगडावर आणि दोन्ही पाय मातीवर, तर बाद की नाही? कल्याणराम म्हणून एक बहिरा मुलगा आहे, त्याने खाली बसून मातीत बोटाने बूट आणि दगड काढून दाखवला की टाच कुठे होती. एकतीस मुले, कोणी कोणाचे ऐकेना. अर्ध्या तासापूर्वी तिच्याशी गोड बोलणाऱ्या मुली तिला लबाड म्हणत होत्या. ती त्यांना दुप्पट म्हणत होती. शेवटी सगळे नटराजांकडे गेले. ते गुडघ्यावर बसले, बूट पाहिला, दगड पाहिला, आणि शिट्टी वाजवून निकाल दिला, "ज्यावर माणूस चालतो तो पाय. लोखंड पाय. कुबडी हात. हात धरत नाहीत. सुंदरी वाचली. राव सार चुकले."

राव सार चुकले म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पुढचा डाव लगेच सुरू झाला आणि आता तिला कोण सोडतो? तिने सगळ्यांशी भांडण काढले होते. शंकरनारायणांची नात वैदेही हिच्यावर राज्य होते, आणि सुंदरीने तिला दोन मिनिटांपूर्वी म्हैस म्हटले होते. वैदेहीने तिला विहिरीच्या कट्ट्यापासून पिंपळापर्यंत पळवले आणि भर मातीत, लोखंडासकट, चापट मारून शिवले. चापट जरा जोरातच होती. अकरा वाजून दहा मिनिटे. सुंदरीने याही वेळी वाद घातला, पण कोणी थांबले नाही, खेळ पुढे गेला. मग ती पाय आपटत पायरीवर गेली. तिथे बाद झालेली सात मुले होती. तिने दोघांना कोपराने सरकवून जागा केली.

काल तिची आई नेहमीपेक्षा लवकर आली. तिला कोणीतरी वाटेत सांगितले होते.

"सार, माझ्या पोरीला बाद केले म्हणे?"

"होय अम्मा."

"पांगळ्या पोरीला?"

"पळत होती अम्मा. पळत नसती तर कोणी केले नसते."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. मला वाटले ती आता मुलीला घेऊन जाईल, आणि ती जातो म्हणाली तर अडवायचे नाही असे मी ठरवले होते. तिने पायरीकडे जाऊन हाक मारली. सुंदरी मैदानातल्या कोणाला तरी "डावीकडे, डावीकडे, आंधळा आहेस का!" म्हणून ओरडत होती, आणि तो खरोखरच चंद्रमौळी होता, आणि तो डावीकडे वळला. आईकडे न पाहताच ती म्हणाली, "तू जा ना. अजून एक डाव आहे."

ती बाई टोपली खाली ठेवून पायरीच्या टोकाला बसली, डाव संपेपर्यंत.

तू कळवा म्हणालीस, म्हणून कळवले. तुझी अट पुरी झाली तेव्हा आता ये, असे मी लिहीत नाही. शिबिर रविवारी संपेल, आणि हे पत्र तुला त्यानंतर मिळेल. सोमवारपासून संध्याकाळच्या वर्गांनाही ही चारही मुले येणार आहेत, ते ठरले. पाचव्याच्या आजीने काल मला आत बसायला सांगितले, म्हणजे ते अर्धे झाले. काम चालू राहील. तू आलीस तर खेळ तुझ्याकडे, मी आणि नटराज सांगशील तिथे उभे राहू. नाही आलीस तरी आम्ही चुकत चुकत करू, आणि चुकलो की मुले सांगतील.

वत्सलेला म्हणावे, तिच्या पत्राची वाट पाहतो. ते रागाचे असले तरी चालेल.

तुला एकदाही बाद न केलेला,
हयग्रीव मामा